कौतुकाला बटण नाही

लालपेनला आयुष्यात एकदाच कुणाचं तरी मनापासून कौतुक करावंसं वाटलं, आणि त्या कौतुकानं एक माणूस मेला. टीव्हीवर मेला, खरोखरीचा नाही. पण जो मेला तो लालपेनच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ होता, आणि टीव्हीवर मेलेल्या नटाला दुसऱ्या दिवसापासून खरोखरीचं घरी बसावं लागतं.

लालपेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावानं त्याला हाक मारणारं बँकेशिवाय आता कुणी उरलं नव्हतं. हिशेब तपासणीच्या खात्यात त्यानं हयात घालवली. दुसऱ्यांच्या कार्यालयात जायचं, त्यांच्याच खुर्चीत बसायचं, त्यांचाच चहा प्यायचा आणि त्यांच्याच चुका काढायच्या, असं ते काम. या कामाची माणसाला चटक लागते. कुणाच्या घरी गेला तरी भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे की मागे, हे लालपेन आधी पाहायचा. बायकोनं नवे पडदे शिवले, तर शिवण कुठे तिरकी गेली तिथे बोट ठेवायचा आणि मग म्हणायचा, "बाकी ठीक." म्हणून सोसायटीत आणि कार्यालयात तो समोर 'साहेब' होता आणि पाठीमागे 'लालपेन'.

आता कुणी म्हणेल, नावं ठेवणं हा काय एकट्या लालपेनचा गुन्हा आहे? नाहीच. आपली सगळी जमातच तशी. शेजाऱ्याच्या मुलीला नोकरी लागली की आपण विचारतो, "कायम आहे का?" कुणी घर घेतलं की विचारतो, "पाणी येतं का?" कौतुक करताना आपली जीभ अशी जड होते, जणू शब्दागणिक कर बसतोय, आणि नावं ठेवायला आपल्याला बोलावणंही लागत नाही. लालपेनला त्याच कामाचा पगार मिळायचा, एवढाच काय तो फरक.

त्याच्या खात्यात एक रीत होती. ती नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला. एकही आक्षेप नसलेला अहवाल वर गेला, की तो परत यायचा. वरचा साहेब विचारायचा, "तपासलंत की नुसती बिस्किटं खाऊन आलात?" त्यामुळे सगळं चोख असलं तरी अहवालाच्या शेवटी एक बारीकसा आक्षेप टाकायचाच. अमुक कपाटाची किल्ली दारालाच लटकत होती. तमुक शिक्क्याची शाई फिकट आहे. खात्यात त्याला 'तीट' म्हणायचे. गोंडस पोराला दृष्ट लागू नये म्हणून लावायची ती तीट. या तिटेवर कुणी काही करायचं नसतं, हे देणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्यालाही माहीत. खात्याबाहेरच्या जगाला ते माहीत नाही, हे मात्र लालपेनला माहीत नव्हतं.

मेहुणा नट होता. बरीच वर्षं त्यानं मालिकांमधून प्रेतं, वेटर आणि 'पळा, पळा' म्हणणारा जमाव, अशी कामं केली. मग त्याला 'साध्या वेशात' नावाच्या मालिकेत मोठी भूमिका मिळाली. वेष पालटून टोळ्यांमध्ये शिरणाऱ्या पोलिसांची ती मालिका. मेहुणा दर रविवारी बहिणीकडे यायचा, जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची खुर्ची ठरलेली. पहिल्या सीझनचा पहिला भाग लागणार, म्हणून बहिणीनं शेजाऱ्यांना बोलावलं. तळमजल्यावरचे दातवाले डॉक्टर आले, वरच्या मजल्यावरच्या गाणंवाल्या बाई आल्या, मेहुण्याचे दोन नटमित्र आले. आणि रिमोट लालपेनच्या हातात होता.

मेहुणा पडद्यावर हमाल झाला होता. पोतं उचलून तो दोन पावलं चालला आणि लालपेननं चित्र थांबवलं.

"हे बघ. महिनाभर गोदामात पोती उचलतोयस ना? मग नखं अशी कशी? ही तर बँक मॅनेजरची नखं आहेत."

मेहुणा हसला. "भाऊजी, एवढं कोण बघतं?"

"मी बघतो."

पुढे पाठीचा आक्षेप आला. मग हमाल पेला धरताना करंगळी वर करतो, हा आला. केसांचा भांग, बूट, विडी. अर्ध्या तासाचा भाग संपायला दुप्पट वेळ लागला. नटमित्र चपलांकडे बघत बसले. खरं सांगायचं तर आक्षेप सगळे बरोबर होते. पहिला सीझन होताच टाकाऊ. त्यातल्या गुप्त पोलिसांना रस्त्यावरच्या कुत्र्यानंसुद्धा ओळखलं असतं. पण खरं बोलण्याचा हक्क आणि खरं बोलण्याची खाज यांत फरक असतो. लालपेनची खाज होती.

शेवटी चहा आला आणि मेहुण्यानंच विचारलं, "एकूण कसं वाटलं?"

"राग मानू नकोस," लालपेन म्हणाला. आपल्याकडे हे शब्द सुरी पुसायच्या फडक्यासारखे वापरतात. "तू हमाल वाटत नाहीस. पोलीस वाटत नाहीस. आणि नट तर अजिबातच वाटत नाहीस."

मेहुण्यानं कप बशीत ठेवला, अगदी आवाज न करता. "बरोबर आहे, भाऊजी," म्हणाला. मग दारात बहिणीला म्हणाला, "ताई, येतो."

आणि आला नाही. दुपारी लालपेन कार्यालयात असताना तो बहिणीला फोन करायचा, तेवढंच. खिडकीकडच्या खुर्चीवर आधी एक टॉवेल आला, मग इस्त्रीचे कपडे आले, आणि मग ती खुर्ची कपड्यांचीच झाली.

बायको भांडली नाही. भांडली असती तर लालपेननं मुद्देसूद उत्तर दिलं असतं. ती एकदाच बोलली, भाजी निवडता निवडता. "त्याला एक चांगला शब्द बोला. एकच. तो काही तुमच्याकडे भूमिका मागायला येत नव्हता."

"चांगलं केलं तर बोलू की. मी काय बांधून घेतलंय?"

"बरं," ती म्हणाली. "बघू."

पुढच्या वर्षी दुसरा सीझन आला. लालपेन वर्तमानपत्र उघडून त्याच्यामागे बसला. पाहायचं नव्हतं त्याला, फक्त टीव्हीच्या दिशेला तोंड करून बसायचं होतं.

मेहुणा आता इंधन चोरणाऱ्या टोळीत टँकर धुणारा झाला होता. टोळी जेवायला बसलेली. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी त्याच्या खऱ्या नावानं हाक मारतं. शाळेतला जुना मित्र असावा. हा वळत नाही. दचकत नाही. फक्त चावता चावता त्याचा जबडा क्षणभर थांबतो आणि परत सुरू होतो. हाक मारणारा लांब जातो. हा आणखी एक घास घेतो, आणि तो घास त्याला गिळता येत नाही.

वर्तमानपत्र लालपेनच्या मांडीवर कधी आलं ते त्याला कळलं नाही. त्यानं नखं पाहिली. नखांत काळं होतं. बूट पाहिले. डावा बूट आतल्या बाजूनं झिजला होता, जसा वाकून टाक्या धुणाऱ्याचा झिजेल तसा. भाग संपला आणि लालपेनकडे एकही आक्षेप नव्हता. त्याला चक्क बेचैन वाटायला लागलं. पुढच्या आठवड्यात तो चष्मा पुसून बसला. त्याही भागात काही सापडलं नाही. मालिका सुधारली होती. पोरगं नट झालं होतं, आणि कदाचित ते 'अजिबातच वाटत नाहीस' गिळून झालं होतं.

एक शब्द बोलायचा होता. सरळ फोन उचलायचा आणि म्हणायचं, "चांगलं काम करतोयस." अख्खं वाक्य तीन शब्दांचं. लालपेननं फोन लावला.

"भाऊजी?" पलीकडून घाबरा आवाज आला. "ताई बरी आहे ना?"

"बरी आहे. बरी आहे." लालपेननं फोन दुसऱ्या कानाला लावला. "मी म्हटलं... आपला तो मोठा पेचकस तुझ्याकडे राहिलाय का?"

"पेचकस? नाही बुवा."

"बरं. ठेवतो मग."

चार दिवसांनी कुरिअरनं एक नवाकोरा पेचकस आला. बरोबर चिठ्ठी नव्हती. लालपेननं तो खणात ठेवला, आणि नंतर तो खण उघडायचं टाळू लागला.

अशात तिसऱ्या भागानंतर टीव्हीवर जाहिरात लागली. 'प्रेक्षकांचा आवाज': या क्रमांकावर फोन करा, आपलं मत रेकॉर्ड करा, निवडक मतं पुढच्या भागानंतर ऐकवली जातील, आणि आमचे लेखक-दिग्दर्शक ती कान देऊन ऐकतील. लालपेनच्या डोक्यात प्रकाश पडला. कौतुकही होईल आणि तोंडही दाखवावं लागणार नाही. गुप्त पोलीस टोळीत शिरतात, तसं आपण प्रेक्षकांत शिरायचं. फक्त आवाज पालटायला हवा.

तो तळमजल्यावर गेला आणि दातवाल्या डॉक्टरांना म्हणाला, "आमच्या कार्यालयातल्या एकाला आवाज बदलून बोलायचं आहे. नाटकासाठी."

"सोपं आहे," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही गालांत कापसाचे बोळे. माझे निम्मे पेशंट जाताना स्वतःच्या बायकोला ओळखू येत नाहीत." त्यांनी उत्साहानं मूठभर बोळे दिले, आणि जाता जाता लालपेनच्या एका दाढेकडे बघून मानही हलवली.

जिन्यात गाणंवाल्या बाई भेटल्या. त्यांना डॉक्टरांनी खिडकीतून आधीच सांगितलं होतं. या सोसायटीत पाण्यापेक्षा बातमी जोरात चढते. "कापूस कसला," त्या म्हणाल्या, "आवाज पोटातून येतो. तुमच्या त्या कार्यालयातल्याला सांगा, बेंबीपाशी हात ठेवून बोल. आणि नाक बंद कर."

लालपेननं दोन्ही सल्ले घेतले. फुकटचा सल्ला वाया घालवणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. सुटीच्या दिवशी दुपारी बायको बाहेर गेलेली बघून तो गच्चीवर गेला. गालांत बोळे, नाकाला वाळत घातलेल्या कपड्यांचा चिमटा, एक हात बेंबीवर, दुसऱ्या हातात फोन. पाण्याच्या टाकीमागे तो असा उभा होता, की पोलिसांनी पाहिलं असतं तर कुठलंही कलम चाललं असतं.

फोनवर यंत्राचा गोड आवाज आला. "कार्यक्रमाच्या वेळेसाठी एक दाबा. चित्र दिसत नसल्यास दोन दाबा. जाहिराती फार असल्यास तीन दाबा. तक्रारीसाठी चार दाबा. इतर गोष्टींसाठी पाच दाबा."

कौतुकासाठी काही दाबायची सोयच नव्हती. लालपेननं पाच दाबलं. यंत्र म्हणालं, "कार्यक्रमाच्या वेळेसाठी एक दाबा." दोनदा तो असा फिरून आला. दुसरा कुणी असता तर फोन आपटून खाली गेला असता. पण लालपेन सरकारी माणूस. रांग चुकीची असली तरी रांग आहे ना, मग उभं राहायचं. त्यानं चार दाबलं. टूं असा आवाज झाला.

आणि मग तो जे बोलला, ते आयुष्यात कुणाशी बोलला नव्हता. बोळे, चिमटा आणि बेंबी यांतून वाट काढत ते शब्द बाहेर आले. "टँकर धुणाऱ्याचं काम करणाऱ्या त्या नटाला सांगा, की त्याचा जबडा थांबला तेव्हा माझाही घास अडकला. मी खूप माणसं तपासली आहेत. खोटं करणारा माणूस हात जास्त हलवतो. हा हलवत नाही. हा माणूस रोज घरी जाऊन आरशात बघत असेल आणि त्याला तिथे दुसराच कुणी दिसत असेल, असं वाटतं. त्याच्या नखांत काळं आहे. त्यानं ते एका दिवसात आणलेलं नाही. त्याला कुणी कधी वाईट बोललं असेल, तर बोलणाऱ्याची ती चूक होती."

इथे तो थांबायला हवा होता. या वाक्यावर फोन ठेवला असता, तर ही गोष्ट इथेच गोड झाली असती आणि मला एवढं लिहावं लागलं नसतं. पण आक्षेपाशिवाय अहवाल संपवायचा, ही कल्पनाच त्याच्या अंगवळणी नव्हती. नुसतंच चांगलं बोललेलं कोण खरं मानतं? म्हणून त्यानं तीट लावली.

"मात्र इतके दिवस टोळीत राहून याचा कुणालाच संशय येत नाही, हे काही पटत नाही."

टूं. "आपली तक्रार नोंदवली आहे. धन्यवाद."

पायऱ्या उतरताना लालपेन कसलंसं गाणं गुणगुणत होता. बोळे काढायचे राहिले होते.

पुढच्या भागानंतर निवेदिका टीव्हीवर आली आणि म्हणाली, "आमच्याकडे एक अतिशय महत्त्वाची तक्रार आली आहे." मग खोल, गेंगाण्या, विहिरीतून आल्यासारख्या आवाजात ऐकू आलं: "इतके दिवस टोळीत राहून याचा कुणालाच संशय येत नाही, हे काही पटत नाही." तेवढंच. आधीचं सगळं कापलेलं. "आपल्यालाही असंच वाटतं का? या पोलिसाचं बिंग फुटावं का? हो म्हणायचं असेल तर एक दाबा."

लालपेनच्या हातातली बशी तिरकी झाली. बायको टीव्हीकडे बघत होती. मग तिनं बाल्कनीतल्या दोरीकडे पाहिलं. "परवापासून एक चिमटा कमी आहे," ती म्हणाली. "सापडला तर सांगा." एवढं बोलून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी जिन्यात दातवाले डॉक्टर भेटले. चेहरा मतदान करून आल्यासारखा. "काय माणूस आहे साहेब तो. एका वाक्यात मालिकेची नस पकडली. मी माझ्या, बायकोच्या आणि दवाखान्याच्या फोनवरून एक दाबलं."

"अहो पण तो आमचा मेहुणा आहे."

"म्हणून तर. बिंग फुटल्याशिवाय मोठा सीन मिळतो का नटाला? मिळू दे की पोराला मोठा सीन."

मग लालपेननं घरोघरी फिरून लोकांना 'एक दाबू नका' असं सांगायला सुरुवात केली. त्याचा परिणाम उलटाच झाला. लोक दार अर्धं उघडायचे, आणि समोर लालपेन आहे हे बघून आधी लिफ्टच्या देखभालीचे पैसे थकल्याची माफी मागून टाकायचे. मग विषय कळला की डोळे बारीक करायचे. "साहेब, तुम्ही? तुम्ही आक्षेपाच्या विरोधात?" गाणंवाल्या बाई तर स्पष्टच म्हणाल्या. "मागच्या वर्षी त्याला नट वाटत नाहीस म्हणालात, आम्ही चहा गिळत ऐकलं. आता त्याचा कळवळा आलाय, म्हणजे यात नक्की काहीतरी खोट असणार. मी दाबून टाकते बाई." माणसानं आयुष्यभर एकच चेहरा करून ठेवला, की ऐन वेळी दुसरा बसत नाही. लोकांना वाटतं, हाच मुखवटा.

आठवड्यानं लालपेनच्या फोनवर संदेश आला. 'आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे. संबंधित पात्र पुढील भागात काढून टाकण्यात येईल. आपले समाधान हेच आमचे ध्येय.'

त्यानं लगेच फोन लावला. बरीच गाणी ऐकल्यावर एक मुलगी आली.

"मला माझी तक्रार मागे घ्यायची आहे."

"सर, ती निकाली निघाली आहे."

"म्हणूनच मागे घ्यायची आहे."

"निकाली निघालेली तक्रार मागे घेता येत नाही, सर. निवारणाने समाधान झालं नसेल तर नवी तक्रार नोंदवू शकता."

"नोंदवा. त्या माणसाला मारू नका, अशी नोंदवा."

कळफलकाची टकटक ऐकू आली. "ही तर आपल्याच पहिल्या तक्रारीच्या विरुद्ध जाते. एका फोनवरून परस्परविरोधी तक्रारी घेता येत नाहीत."

"अहो, ती तक्रार नव्हतीच. ते कौतुक होतं. मी दीड मिनिट कौतुक केलं आणि शेवटी एक वाक्य बोललो. ऐका तरी."

"असेल सर. पण आम्ही कारवाई होण्यासारखा भाग तेवढा पुढे पाठवतो. कौतुकावर काय कारवाई करणार?"

हेच उत्तर, याच सौजन्यानं, लालपेननं स्वतः कित्येकांना दिलं होतं. लोक आपल्या कामाच्या फायली दाखवायचे, चांगलं झालेलं दाखवायचे, आणि तो म्हणायचा, ते असू द्या, त्रुटी सांगा.

"सर, आमच्या सेवेला एक ते पाच यांपैकी किती गुण द्याल?"

सवयीनं त्याचं बोट चारवर गेलं होतं. त्यानं ते उचललं आणि पाच दाबलं. पोरीचं काम नीट होतं. तीट न लावलेलं त्याचं आयुष्यातलं पहिलं कौतुक असं एका फोनयंत्रात गेलं.

ज्या भागात मेहुणा मरणार होता, त्या भागाच्या सकाळी त्याचा बहिणीला फोन आला. "ताई, आजचा भाग तुझ्याकडे बघू का? माझ्या खोलीतला टीव्ही विकलाय." बायकोनं लालपेनकडे पाहिलं. लालपेन उठला, खिडकीकडच्या खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे उचलले, आत नेऊन पलंगावर ठेवले, आणि खुर्ची ओल्या फडक्यानं पुसली. मग कोरड्यानं पुसली.

मेहुणा आला तो वाळला होता. नखांतलं काळं अजून पुरतं गेलं नव्हतं. "कसे आहात भाऊजी? पेचकस बरोबर आला ना?"

"आला. बरोबर आला."

रिमोट लालपेननं स्वतःच्या हातानं मेहुण्याच्या पुढ्यात ठेवला. शेवटच्या प्रसंगात टोळी टँकरच्या आवारात उभी असते. संशय आलेला म्होरक्या युक्ती करतो. काळोखातून कुणाला तरी याच्या खऱ्या नावानं हाक मारायला लावतो. त्या दिवशी न वळलेला हा माणूस या वेळी वळतो. चूक म्हणून नाही. कितीतरी दिवसांत त्या नावानं त्याला कुणी बोलावलेलं नसतं, म्हणून वळतो. वळताना त्याच्या चेहऱ्यावर हसू असतं. मग गोळीचा आवाज.

बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि भावाच्या डोक्यावर एक टपली मारली. "मेल्या, मरायचं होतं तर साधं मरायचं."

मेहुणा हसला आणि खिशातून फोन काढला. "तुम्हाला एक ऐकवतो. आवाजाच्या खात्यातल्या पोरानं मला जाताना दिलं. टीव्हीवर त्या माणसाचं शेवटचं वाक्यच लावलं होतं ना? आधी तो काय बोलला, ते ऐका."

आणि ती खोली गेंगाण्या, खोल आवाजानं भरली. जबडा. अडकलेला घास. नखांतलं काळं. 'त्याला कुणी कधी वाईट बोललं असेल, तर बोलणाऱ्याची ती चूक होती.' लालपेन टीव्हीखालच्या तारांकडे बघत राहिला. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

"याच्यामुळे काम गेलं, हे खरं," मेहुणा म्हणाला. "पण ताई, कामं येतात, जातात. मी घरी बसलो की हे लावतो. एक तरी माणूस असा होता, ज्यानं सगळं पाहिलं. गंमत म्हणजे आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो. पण आपल्या ओळखीत एवढं चांगलं बोलणारं आहे कोण?"

लालपेन पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेला. बायको मागोमाग आली. तिनं फडताळावरून कपड्यांचा चिमटा काढून ओट्यावर ठेवला. गच्चीवर, टाकीमागे सापडला असणार.

"सांगतो त्याला," लालपेन म्हणाला. "आत्ता सांगतो. काम माझ्यामुळे गेलं हेही सांगतो. तीट लावायला गेलो आणि काजळाची डबीच सांडली."

"नका सांगू."

"अगं, तूच म्हणत होतीस, एक चांगला शब्द बोला."

"तेव्हा म्हणत होते. तेव्हा बोलायचं होतंत." तिनं ग्लास भरला. आवाज चढलेला नव्हता. "आता सांगितलंत तर त्याला वाटेल, ताईनं मागे लागून बोलायला लावलं. आत्ता ते त्याला खरं वाटतंय, अहो. परक्या माणसाचं आहे म्हणून खरं वाटतंय. तेवढं एकच आहे त्याच्याजवळ. ते काढून घेऊ नका."

लालपेन ग्लास घेऊन बाहेर आला. मेहुणा पाणी प्यायला, त्यानं ओठ पुसले आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"भाऊजी, तुम्ही काही बोलला नाहीत. खरं सांगा. कसं झालं?"

तीन शब्द होते. जिभेच्या टोकावर होते. पण ते ज्या सुरात बाहेर आले असते, तो सूर मेहुण्याच्या फोनमध्ये होता, आणि त्यानं तो पाठ केला होता. बायको दारात उभी होती.

"राग मानू नकोस," लालपेन म्हणाला. "पडल्यावर डोळे मिटायला जरा उशीर केलास."

मेहुणा क्षणभर बघत राहिला आणि मग खदखदून हसला. खुर्चीत मागे रेलला, पाय पसरले. "हां. आता कुठे घरी आल्यासारखं वाटलं."

तो जेवून गेला. पुढच्या रविवारी येतो म्हणाला. लालपेन त्याला दारापर्यंत सोडायला गेला आणि तिथेच उभा राहिला. जिन्यातून पावलं खाली उतरत होती, आणि एका मजल्याखाली तो गेंगाणा आवाज पुन्हा सुरू झाला. जबडा. घास. खोटं करणारा माणूस हात जास्त हलवतो. लालपेन कठड्याला धरून ऐकत होता. कुणी एवढं मनापासून बोलताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं. बोलणाऱ्याची ती चूक होती, इथपर्यंत आवाज आला, आणि शेवटचं वाक्य सुरू व्हायच्या आत मेहुण्यानं तो बंद केला.